देशाचे बदली कामगार

दोस्तांनो, 'बदली' हा शब्द लालबाग-परळच्या पोराला शिकवावा लागत नाही. गिरणीच्या गेटावर पाळीच्या आधी उभं राहायचं, हातात बदलीचा पास, नजर जॉबरच्या तोंडाकडं. कायम कामगार आला नाही तर आपली हजेरी, आला तर आल्या पावली घरी. वर्षानुवर्षं मशीन चालवलेल्या माणसाला कागद म्हणत होता, तू इथला नाहीस. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा हिशेब होता. मालकाला तो आपल्यापेक्षा चांगला पाठ होता. दिवस भरायला आले की माणूस घरी. चार दिवसांनी पुन्हा बोलवा, पहिल्यापासून मोजा.

गोदीतही तेच होतं. टोळीवाल्याच्या मर्जीवर रोजचा रोज. १९४८ साली गोदी कामगारांचा रोजगार नियमन कायदा आला, नोंदणी झाली, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. ते कुणी दयेनं दिलं नाही. गोदी बंद पाडून, डोकी फोडून घेऊन मिळवलं. आज त्याच धक्क्यावर कंत्राटी माणूस पुन्हा रोजावर उभा आहे. पण ते रडगाणं दुसऱ्या अंकात. आज बोलायचं आहे ते लष्करातल्या बदली कामगारांबद्दल.

होय, लष्करातल्या. दचकू नका. या देशात कायम सैनिक आहे, अर्धा सैनिक आहे नि पाव सैनिक आहे. गोळी तिघांना सारखीच लागते. सुरुंगावर पाय पडला तर सुरुंग विचारत नाही, तुझी भरती कुठल्या कलमाखाली झाली. तोफेचा गोळा नळीपाशी फुटला तर तो सेवापुस्तक बघत नाही. बघतो तो हिशेबखाता. जखम सारखी नि मलमपट्टी वेगळी, हा या लेखाचा विषय. आणि तो आपला विषय आहे. कारण अर्धा नि पाव सैनिक व्हायला कुणाची पोरं रांगेत उभी राहतात, हे रे रोडच्या पुलावर उभं राहून बघणाऱ्याला सांगायला नको.

०

पहिला बघा अर्धा सैनिक. प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. १९४८ चा कायदा, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन. कल्पना अशी, की माणूस आपली रोजीरोटी सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालेल, शिकेल, नि देशाला गरज पडली की बोलावल्यावर येईल. कल्पनेला आमची ना नाही. नागरिकाच्या हातात शस्त्र, हे तर लोकशाहीला शोभणारं आहे. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही लढायांत ही माणसं होती. काश्मिरात नि ईशान्येकडं वर्षानुवर्षं आहेत. ६ मे २०२५ ला संरक्षण खात्यानं आदेश काढला. प्रादेशिक सेनेच्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखाला मुभा दिली, की या सेनेतला कुठलाही अधिकारी, कुठलाही जवान हवा तेव्हा बोलवा. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ बटालियन कामावर घ्यायचं ठरलं, फेब्रुवारी २०२८ पर्यंत. म्हणजे गरज लागली तेव्हा आठवण झाली.

आता पेन्शनचं बघा. प्रादेशिक सेनेच्या जवानाला पेन्शन हवी असेल तर प्रत्यक्ष बोलावणीवरची नोकरी पंधरा वर्षं भरली पाहिजे. ही नोकरी तुकड्यातुकड्यांनी येते. दोन वर्षं बोलावलं, सोडलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा सोडलं. सोडलेले दिवस मोजायचे नाहीत. कुठं ऐकलंय हे? गिरणीच्या गेटावर. २४० दिवसांचा हिशेब खाकी कपडे घालून आलाय, दुसरं काही नाही.

वर्दीत असताना, कामावर असताना दुखापत झाली नि ती नोकरीमुळं झाली असं सिद्ध झालं, तर त्याला अपंगत्वाचं पेन्शन मिळू शकतं. नियम आहे. पण 'सिद्ध झालं तर' या तीन शब्दांत माणसाचं आयुष्य अडकतं. शिबिरात पाठीचा मणका सरकला. सुटी झाली, माणूस घरी आला. आता तो सैनिक नाही, साधा नागरिक. दुखणं वाढलं सहा महिन्यांनी. आता लष्करी इस्पितळ म्हणणार, तू आमच्या पटावर नाहीस. कारखान्याचा डॉक्टर म्हणणार, ही आमच्या कामावरची दुखापत नाही. दोघंही खरं बोलतात नि माणूस मधल्या मध्ये मरतो. याला कायदा म्हणायचं का टोलवाटोलवी?

त्याच कायद्याच्या कलम ७अ मध्ये लिहिलंय, की लष्करी कामावर गेलेला माणूस परत आला की मालकानं त्याला पुन्हा कामावर घ्यायचं. फार चांगलं. पण जाताना धडधाकट गेलेला माणूस येताना लंगडत आला, तर? घेईल कुठला कंत्राटदार? क्रेनखाली दोन बोटं गेलेल्या आमच्या टोळीतल्या गड्याला कंत्राटदारानं पाच हजार हातावर टेकवले नि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा केला. ते तर त्याच्याच कामावरचं होतं. सीमेवर बोटं घालवून आलेल्याला तो काय ओवाळणार आहे?

०

आता पाव सैनिक. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी पगार तीस हजार, त्यातले तीस टक्के कापून निधीत, हातात एकवीस हजार. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे, पंचाहत्तर घरी. जाताना सेवानिधी, व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार. त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिक हा दर्जा नाही. आणि दर्जा नाही म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएसचं, कार्ड नाही. त्या दाराला दोन चाव्या लागतात, माजी सैनिकाचा शिक्का नि पेन्शन. याच्याकडं दोन्ही नाहीत. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. तेव्हा गावोगावी, चाळीचाळीत ही पोरं परत येणार. धडधाकट येतील त्यांचं त्यांना बघता येईल. मोडून येतील त्यांचं काय?

योजनेत लिहिलंय ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण खोटं बोलून लढाई जिंकता येत नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे. शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख. वर उरलेल्या मुदतीचा पगार नि सेवानिधी. मेला तर ४८ लाखांचा विमा नि ४४ लाख सानुग्रह. आकडे ऐकून पांढरपेशा म्हणतो, एवढे पैसे? आमच्या झोपडपट्टीत तर लॉटरी लागली म्हणतील!

थांबा. हिशेब करू. मॅट्रिकपर्यंतचं गणित मला येतं. पन्नास टक्के अपंगत्व, हातात १५ लाख. समजा बँकेत सात टक्क्यांनी ठेवले. वर्षाचे एक लाख पाच हजार. महिन्याचे आठ हजार सातशे पन्नास. आज एवढे, वीस वर्षांनीही एवढेच. महागाईभत्ता नाही. पोरगा आज बावीस वर्षांचा. त्याला अजून पन्नास वर्षं जगायचंय. मुद्दलाला हात लावायचा नाही असं धरलं तर हे आठ हजार. पण घरात बहिणीचं लग्न आहे, बापाचं कर्ज आहे, खोलीचं पागडी-भाडं आहे. आपल्या घरात पंधरा लाख पंधरा महिनेसुद्धा अखंड राहत नाहीत, हे आपल्याला माहीत नाही होय?

आणि कृत्रिम पाय हा एकदा बसवला की झालं असा नसतो. मांडीचा खुंट आकसतो, बदलतो. सांधा झिजतो. दर काही वर्षांनी नवा पाय लागतो. मणक्याला मार बसलेल्याला नळी लागते, गादी लागते, पाठीला जखमा होतात, मूत्रपिंडाला धोका असतो. हा खर्च मरेपर्यंतचा. एकरकमी पैसा हा खर्च ओळखत नाही. पुण्याला १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीला १९७४ पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या अपंग शिपायांसाठी क्वीन मेरी संस्था सुरू झाली, ती या आपल्या मुंबईतच, पुढं ती खडकीला गेली. म्हणजे हातपाय गेलेल्या शिपायाला आयुष्यभर सांभाळावं लागतं, त्याला नवं काम शिकवावं लागतं, हे गोऱ्या साहेबालासुद्धा शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. तेही आपल्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे. रस्त्यावर भीक मागणारा लंगडा शिपाई बघून पुढची भरती थांबते, म्हणून.

कायम सैनिकाचं काय? नोकरीमुळं अपंग होऊन बाहेर पडला तर त्याला दोन भागांचं पेन्शन. एक सेवेचा भाग, एक अपंगत्वाचा. महागाईभत्त्यासह, मरेपर्यंत. वर आरोग्याचं कार्ड, बायकोलाही. ते त्याच्या हक्काचं आहे. त्यातला एक पैसा कमी करा असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, त्याच खंदकात, त्याच तोफेच्या मागं उभ्या असलेल्या दुसऱ्यालाही तेच द्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळ देवळालीला तोफेच्या सरावात स्फोट होऊन वीस-एकवीस वर्षांचे दोन अग्निवीर गेले. मे २०२५ मध्ये घाटकोपरच्या कामराजनगरात वाढलेला मुरली नाईक ताबारेषेवर गेला. मुरलीच्या आईला सारख्या लाभांसाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पोराला तिरंग्यात गुंडाळून आणताना कुणी म्हणालं नाही, की हा चार वर्षांवाला आहे, याला पाव तिरंगा द्या. पेन्शनच्या खिडकीवर मात्र हाच सवाल. संसदेच्या संरक्षण स्थायी समितीनंसुद्धा २०२४ मध्ये सांगितलं, की कामावर मेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना कायम सैनिकाच्या घरच्यांसारखंच मिळालं पाहिजे. आम्ही पुढं जाऊन विचारतो, जो मेला नाही, अर्धा मेला, त्याचं कोण बोलणार? मेलेल्याचा फोटो लागतो, चौकाला नाव देतात. अर्धमेला खाटेवर पडतो नि त्याची आई दुसऱ्याच्या घरची भांडी घासून त्याची औषधं आणते.

०

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे चीड आणणारी.

तुम्हाला वाटेल, लष्करातल्या माणसाला गोदीतल्या हमालापेक्षा बरं संरक्षण असणार. बघू या. कामगार विमा योजना, १९४८ चा कायदा. परळच्या कामगार विमा इस्पितळाच्या पायऱ्या आपल्या आजे-बापांनी झिजवल्यात. त्या योजनेत वर्गणी भरणाऱ्या कामगाराचा हात मशीनमध्ये गेला, तर डॉक्टरांचं मंडळ त्याची कमावण्याची ताकद किती गेली ते ठरवतं नि त्या प्रमाणात त्याला दर महिन्याला पैसे मिळतात, तहहयात. अपंगत्वामुळं नोकरी सुटली तरी नाममात्र वर्गणीवर त्याला नि त्याच्या बायकोला निवृत्तीच्या वयापर्यंत उपचार मिळतात. योजनेत भानगडी हजार. रांगा आहेत, औषध नसतं, डॉक्टर नसतो. पण तत्त्व बघा. हात कायमचा गेला तर पैसेही कायमचे. वडाळ्याच्या कारखान्यात हात गेलेल्याला जे तत्त्व लागू आहे, ते देवळालीत हात गेलेल्या अग्निवीराला लागू नाही!

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा घ्या. त्यात किरकोळ, तात्पुरत्या स्वरूपाच्या कामावरचा माणूस मूळ व्याख्येतून वगळला होता. म्हणजे जो सगळ्यात जास्त मोडतो तोच बाहेर. २००० साली दुरुस्ती झाली नि तो वगळा निघाला. कायद्याला सत्त्याहत्तर वर्षांनी कळलं, की तात्पुरत्या माणसाचं हाड तात्पुरतं मोडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं. तिथं काय होतंय ते बघतच आहोत. पण त्या १९२३ च्या कायद्यातून लष्करातली माणसं पहिल्यापासून बाहेर होती. का? कारण त्यांची सोय सरकार वेगळी नि जास्त चांगली करतं, असं धरलेलं. आता सोय काढून घेतली नि दरवाजाही बंद ठेवला. इथलाही नाही, तिथलाही नाही. असं गावकुसाबाहेर ठेवणं आम्ही ओळखतो, साहेब. आमची ओळख फार जुनी आहे.

०

जुनी म्हणजे किती ते सांगतो. नव्या पोरांनी हे पाठ करून ठेवावं.

महार शिपाई कंपनीच्या फौजेत होता, पेशव्याविरुद्ध लढला, त्याची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत. काम झालं. १८९२ च्या सुमारास फर्मान निघालं, महारांची भरती बंद. लढाऊ जाती नि बिगरलढाऊ जाती असं साहेबानं पुस्तक लिहिलं नि कालचा शिपाई एका रात्रीत बिगरलढाऊ झाला. दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर, त्यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज धाडला. कुणी ऐकलं नाही. मग पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली. लगेच बिगरलढाऊ पुन्हा लढाऊ झाले. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत गेले, भांडले, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे, छाती काढून आहे.

म्हणजे बोलवा, वापरा, सोडा, हा खेळ आमच्यावर अगोदर खेळून झालाय. अग्निपथ ही काही २०२२ ची अक्कल नाही. फरक एवढाच, आता तो खेळ सगळ्या गरिबांच्या पोरांवर खेळतात. कुणब्याच्या, धनगराच्या, आदिवासीच्या, मुसलमानाच्या. म्हणून ही लढाई एका जातीची नाही.

पेन्शन म्हणजे काय हे आमच्याकडून ऐका. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाले, घरात पेन्शन येत राहिली. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला जन्मलेलं त्यांचं चौदावं पोर दापोलीत, साताऱ्यात, मग परळच्या चाळीत शिकलं. पैसा पुरत नव्हता, उसनवारी होती, दागिने गहाण पडत होते. पण महिन्याच्या महिन्याला काहीतरी येत होतं, म्हणून शाळा सुटली नाही. एकरकमी रक्कम हातावर ठेवून 'जा' म्हटलं असतं, तर ती आजारपणात नि देण्याघेण्यात केव्हाच संपली असती. दर महिन्याला येणारा थोडका पैसा घराला कणा देतो. म्हणून एकरकमीच्या थैलीला आम्ही भुलत नाही.

०

आता प्रस्थापितांचे सवाल घेऊ. ते आपल्या चाळीतही विचारले जातात.

पहिला सवाल. पोरं स्वखुशीनं गेली ना? फॉर्मवर सही केली ना? केली. उपाशी माणूस स्वखुशीनं सही करतो. खोल टाकीत वायू भरलाय हे माहीत असून दारूखान्यात जहाज तोडायला माणूस स्वखुशीनंच उतरतो. दारूखाना! कधीकाळी बंदुकीच्या दारूचं कोठार, नाव तसंच राहिलं, मरण तसंच राहिलं. सही करून माणूस आपला हक्क विकू शकत नाही, हे तत्त्व कामगार कायद्यांनी शंभर वर्षं चालवलंय. लष्कराच्या फाटकाशी ते का अडावं?

दुसरा सवाल. पेन्शनचा बोजा सरकारला झेपत नाही. बरं. पण आम्ही इथं सगळ्यांच्या पेन्शनचं बोलतच नाही. तो वेगळा वाद आहे नि तोही घालू. आज बोलतोय ते जखमींचं. चार वर्षांत अपंग होऊन बाहेर पडणारे असे किती असतील? मूठभर. मूठभरांच्या औषधपाण्यानं खजिना रिता होतो, तर त्या खजिन्याला कुलूप लावायलाच नको.

तिसरा सवाल. सैन्य तरुण ठेवायचंय. ठेवा! तरुण ठेवण्याचा नि जखमीला वाऱ्यावर सोडण्याचा काय संबंध? चार वर्षं ठेवा नाहीतर दोन वर्षं. पण त्या काळात जे मोडलं ते तुमच्या कामावर मोडलं.

चौथा सवाल. अग्निवीरांना पोलिसात, निमलष्करी दलात राखीव जागा दिल्यात की. दिल्यात. पण त्या धडधाकट अंगाला. एक डोळा गेलेला, गुडघा मोडलेला, कानाचे पडदे फाटलेला पोरगा मैदानाच्या पहिल्या फेरीतच बाद. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच जागा नाही. ही राखीव जागा त्यानं चाटायची का?

आणि हे अशक्य आहे असं सांगू नका. अमेरिकेतला राखीव सैनिक, महिन्यातून एकदा सरावाला जाणारा, त्या सरावात जखमी होऊन कायमचा अधू झाला, तर त्याला माजी सैनिक खात्याकडून दर महिन्याला भरपाई मिळू शकते. कागद सिद्ध करताना त्याचेही हाल होतात, तिथंही खिडक्या आहेत. पण पूर्णवेळ नव्हतास म्हणून तुझी जखम एकरकमी, असं त्याला कुणी सांगत नाही. लांब कशाला, घरात बघा. पुण्याजवळ खडकवासल्याची प्रबोधिनी नि इतर अकादम्या, तिथं प्रशिक्षणात जखमी होऊन बाहेर काढलेले छात्र. १९८५ पासून सुमारे पाचशे. तेही माजी सैनिक नाहीत, म्हणून उपचार नव्हते. कुणी खाटेवर, कुणी चाकाच्या खुर्चीत. ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली, सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली नि त्याच महिन्यात सरकारनं त्यांना आरोग्य योजनेत घेतलं. फार बरं झालं. त्यांचं दुःख खरं आहे, त्यांनी फार वर्षं सोसलंय. पण मग सिद्ध झालं ना, की माजी सैनिकाचा शिक्का नसला तरी कार्ड देता येतं? एका महिन्यात देता येतं? मग उद्याचे साहेब होणार होते त्यांना मिळालं, ते शिपाई होणार होते त्यांना का नाही?

आणखी एक गोष्ट, मुंबईच्या धक्क्याजवळची. नौदलात खलाशांना दहा वर्षं नोकरी नि पुढं दहा वर्षं राखीव ताफ्यात, असा करार असे. दोन्ही मिळून राखीव खलाशाचं पेन्शन. ३ जुलै १९७६ ला सरकारनं राखीव ताफ्यात पाठवणंच थांबवलं. दहा वर्षं भरलेली माणसं मोकळ्या हातानं घरी. ती भांडत राहिली. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं, राखीव पेन्शन नाही, पण विशेष पेन्शन द्या. चाळीस वर्षं! तोवर किती खलाशी वर गेले असतील? उशिरा मिळालेला न्याय बऱ्याचदा विधवेच्या हातात पडतो.

०

म्हणून नुसतं कोर्टावर विसंबायचं नाही. पण कोर्ट सोडायचंही नाही. २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग खटला लक्षात ठेवा. १९८५ ला भरती, फिट येऊ लागल्या म्हणून १९९४ ला घरी काढलं, पेन्शन नाकारलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर रोग नोंदलेला नव्हता, तर तो नोकरीत आला असं धरायचं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. हे सोन्यासारखं वाक्य आहे. ते वस्तीतल्या प्रत्येक भरतीवाल्या पोराला सांगा.

आणि हेही सांगा. दुखापत झाली की त्याच दिवशी नोंद करायला लावायची. 'मर्द आहेस, सहन कर' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. दुखापतीचा अहवाल, चौकशीचा निकाल, वैद्यकीय मंडळाचा कागद, सगळ्यांची नक्कल मागायची, घरी धाडायची. नकार आला तर अपील करायचं. अंतिम आदेश आला की सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं, त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बसायचं. 'तू आमच्यात येत नाहीस' म्हणाले तर तसं लिहून मागायचं. तोंडी नकाराला धार नसते, लेखी नकारावर भांडता येतं. आपल्यातल्या वकिली शिकणाऱ्या पोरांनो, सिद्धार्थ कॉलेजच्या पायऱ्यांवर क्रांतीवर चर्चा करता, चांगलं आहे. आठवड्यातला एक दिवस या कागदांना द्या.

आमच्या मागण्या साध्या आहेत. भिकेच्या नाहीत.

एक. कामावर नि सरावात झालेली जखम, कायम सैनिक, प्रादेशिक सेना, अग्निवीर, तिघांना एकाच मापानं मोजा. तेवढ्याच टक्क्याला तेवढंच मासिक पेन्शन, महागाईभत्त्यासह, मरेपर्यंत.

दोन. जखमी होऊन बाहेर पडणाऱ्याला त्याच दिवशी आरोग्य कार्ड. त्याला नि घरच्यांना. छात्रांना दिलंत, यांनाही द्या.

तीन. उपचार पुरा झाल्याशिवाय, कृत्रिम अवयव बसून चालता आल्याशिवाय, चार वर्षं भरली म्हणून कुणाला घरी पाठवायचं नाही.

चार. मनाची जखम ही जखम धरा. रात्री ओरडत उठणारा पोरगा नाटक करत नाही.

पाच. दुखापतीचे कागद जवानाच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत.

सहा. प्रादेशिक सेनेतून जखमी होऊन आलेल्याला मालकानं झेपेल ते काम दिलंच पाहिजे. कलम ७अ ला दात बसवा.

दोस्तांनो, १४ एप्रिल १९४४ ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. कापसाच्या गाठी नि दारूगोळा एकाच जहाजात भरला होता. आग विझवताना ६६ बंबवाले गेले, त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळलाच पाहिजे. त्याच धक्क्यावर गाठी उचलणारे हमालही जळाले. त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला पाठ आहेत? रोजावरच्या माणसाचं नाव मस्टरवर असतं नि मस्टर आगीत जळतं. आता वर्दीतल्या पोरांनाही रोजावर घेतलंय. त्यांचं मस्टर जळू द्यायचं नाही. आपापल्या चाळीत, वस्तीत विचारत फिरा. कोण गेलंय, कोण परत आलंय, कोण लंगडतंय, कुणाच्या कानात शिट्टी वाजते, कुणाला रात्री झोप नाही. वही करा. नाव, तारीख, जखम, कागद आहे का नाही. ती वही भरली की तिच्यासकट जाऊन खिडकीवर उभे राहू. तेव्हा एकटा लंगडा शिपाई नसेल, त्याच्यामागं अख्खी चाळ असेल.

जयभीम.